प्रफुल्लचंद्र राय : पारा, पोथी आणि आत्मवृत्त

विद्यापीठात असेंद्रिय रसायनशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या मागे जे कागद उरतात त्यांत प्रयोगांच्या नोंदी, शोधनिबंध आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरील शेरे यांचा भरणा असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय (१८६१–१९४४) यांनी मागे ठेवलेला लिखित ऐवज या अपेक्षेत मावत नाही. पाऱ्याच्या नायट्राइटांवरील निबंधांशेजारी तेथे रसतंत्राच्या पोथ्यांची पाठचिकित्सा आहे. औषधांच्या कारखान्याच्या कहाणीशेजारी दुष्काळनिवारणाची निवेदने आहेत. दोन खंडांचे आत्मवृत्त आहे आणि आयुष्याच्या अखेरीस लिहिलेले शेक्सपिअरविषयक लेखही आहेत. चरित्रकारांनी बहुधा या ऐवजाची वाटणी करून घेतली. रसायनाचा भाग शास्त्रज्ञांकडे गेला, देशसेवेचा भाग गौरवग्रंथांकडे गेला आणि वाङ्मयीन भाग हा एका विद्वान माणसाचा विरंगुळा ठरला. ही वाटणी सोयीची आहे. पण तिच्यामुळे राय यांच्या लेखनाचा कणा दृष्टीआड होतो. प्रयोगशाळेत ज्या सवयीने ते पदार्थ पारखीत, त्याच सवयीने त्यांनी पोथी पारखली, आणि स्वतःचे आयुष्य पारखतानाही तीच सवय वापरण्याचा प्रयत्न केला. हा अखेरचा प्रयत्न पुरता साधला नाही, हेही नोंदवावे लागते.

राय यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी राडुली या गावी झाला. हे गाव तेव्हा जेसोर जिल्ह्यात होते. आज ते बांगलादेशातील खुलना जिल्ह्यात मोडते. रवींद्रनाथ ठाकुरांचे जन्मवर्षही हेच. वडील हरिश्चंद्र हे जमीनदार असून फार्सी व इंग्रजी जाणणारे, नव्या विचारांचे आणि ग्रंथसंग्रहाचा षोक असणारे गृहस्थ होते. १८७० मध्ये मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब कलकत्त्यास आले आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये दाखल झाले. १८७४ मध्ये त्यांना आमांशाचा तीव्र विकार जडला व सुमारे दोन वर्षे शाळा सुटली. पचनाची दुर्बलता आणि निद्रानाश ही त्या आजाराची देणगी जन्मभर टिकली. पण त्याच दोन वर्षांत वडिलांच्या कपाटांतील ग्रंथ त्यांच्यापुढे मोकळे झाले. इतिहास, चरित्रे, इंग्रजी वाङ्मय हे सारे त्यांनी क्रमाशिवाय वाचले आणि लॅटिन व फ्रेंच या भाषांचा अभ्यास आपला आपण आरंभिला. पुढे फ्रेंच भाषेने त्यांच्या आयुष्यात जे काम केले ते पाहता या आजारपणाला त्यांच्या शिक्षणातील एक स्वतंत्र इयत्ताच म्हणावे लागते.

ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत असताना सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची इंग्रजी वाङ्मयावरील व्याख्याने त्यांनी ऐकली. रसायनशास्त्र मात्र तेथे नव्हते. त्यासाठी ते प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांच्या वर्गात बाहेरचे विद्यार्थी म्हणून बसत. गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी त्यांनी गुपचूप केली. १८८२ साली हिंदुस्थानातून ज्या दोघांना ही शिष्यवृत्ती मिळाली त्यांपैकी दुसरा विद्यार्थी मुंबईचा पारशी होता.

एडिंबर्गमध्ये अलेक्झांडर क्रम ब्राउन हे त्यांचे गुरू झाले. १८८५ मध्ये, बी. एस्सी. चा अभ्यास ऐन भरात असताना, विद्यापीठाने १८५७ च्या बंडापूर्वीचा व नंतरचा हिंदुस्थान या विषयावर निबंधस्पर्धा जाहीर केली. राय यांनी प्रयोगशाळा काही काळ बाजूला सारून ग्रंथालयातील इतिहासग्रंथ, अर्थशास्त्र आणि पार्लमेंटची कागदपत्रे चाळली व निबंध लिहिला. पारितोषिक त्यांना मिळाले नाही. मात्र निबंधाची गणना उत्तमांत झाली. ब्रिटिश राज्यकारभारावर त्यात केलेली टीका बोचरी होती. निबंध छापून त्यांनी सहाध्यायांत वाटला आणि एक प्रत जॉन ब्राइट यांना पाठविली. ब्राइट यांचे सहानुभूतीचे उत्तर वृत्तपत्रांतूनही प्रसिद्ध झाले. निबंधातील राजकीय मते बाजूला ठेवली तरी एक गोष्ट महत्त्वाची उरते. चोवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने विधानाला आधार हवा, आधार मूळ कागदात शोधावा आणि तो प्रतिकूल असला तरी मांडावा, ही शिस्त रसायनाबाहेरच्या विषयात प्रथम येथे वापरली. १८८७ मध्ये तांबे-मॅग्नेशियम गटातील संयुक्त सल्फेटांवरील प्रबंधाबद्दल त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये ते परतले ते बेकारीत. शिक्षणखात्याच्या वरिष्ठ श्रेणीतील जागा जवळजवळ युरोपियनांसाठीच असत. जवळपास वर्षभर ते जगदीशचंद्र बसूंच्या आश्रयाने राहिले. १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा अडीचशे रुपयांची तात्पुरती जागा मिळाली. पदवीच्या तुलनेत ही जागा हलकी असल्याची तक्रार त्यांनी शिक्षणसंचालक क्रॉफ्ट यांच्याकडे केली तेव्हा, स्वतःच्या विद्येविषयी एवढा भरवसा असेल तर अन्य व्यवसाय मोकळे आहेत, अशा आशयाचे उत्तर मिळाले. पुढे काढलेल्या कारखान्याची बीजे या अपमानात शोधण्याचा मोह होतो. तो फार ताणू नये. बंगाली तरुण नोकरीखेरीज काही करीत नाही ही खंत त्यांच्या मनात स्वतंत्रपणे होती.

हा कारखाना म्हणजे बेंगाल केमिकल. १८९२ मध्ये अप्पर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या भाड्याच्या घरात, हजार रुपयांच्या आतल्या भांडवलावर त्याचा आरंभ झाला. कॉलेजातून परतल्यावर प्राध्यापकमहाशय औषधांच्या बाटल्या भरीत. फॉस्फेटासाठी आणलेली जनावरांची हाडे गच्चीवर वाळत घातली, त्यांवर कावळे जमले आणि शेजाऱ्यांनी ओरड केली. पुढे ती शहराबाहेर जाळावी लागली, तेव्हा रात्रीचा धूर पाहून पोलिसांना भलताच संशय आला. सहकारी डॉ. अमूल्यचरण बसू १८९८ मध्ये प्लेगने गेले. सतीशचंद्र सिंह हे तरुण रसायनज्ञ प्रयोगशाळेत हायड्रोसायनिक अम्लाच्या विषबाधेने दगावले. एवढे आघात सोसून १९०१ मध्ये संस्थेची मर्यादित कंपनी झाली. विलायती औषधांच्या जोडीने काळमेघ, कुडा, अडुळसा, ओवा या देशी वनस्पतींचे अर्क ती बाजारात आणू लागली. वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे एक नाव ध्यानात ठेवावे. १९०३ मध्ये राजशेखर बसू हे रसायनाचे पदवीधर या कारखान्यात आले व अनेक वर्षे तो सांभाळीत राहिले. बंगाली विनोदी कथेतील ‘परशुराम’ ते हेच. रवींद्रनाथांनी परशुरामांच्या कथांचे कौतुक केले तेव्हा आपला कामाचा माणूस साहित्याच्या नादी लागून बिघडेल, अशी लटकी तक्रार राय यांनी केली. त्यावर कवींनी, रसायनानेही साहित्यातून माणसे पळविली आहेत, असा प्रतिटोला दिला.

कीर्तीचा उगम मात्र औषधांत नसून एका पिवळ्या स्फटिकात आहे. १८९५ च्या सुमारास राय यांना मर्क्युरस नायट्रेट मोठ्या प्रमाणात तयार करावयाचे होते. पाऱ्यावर थंड स्थितीत विरल नायट्रिक अम्लाची क्रिया होऊ दिली असता पृष्ठभागावर पिवळे स्फटिक जमू लागले. पहिला तर्क असा की, हे क्षारकीय लवण असावे. पण असे लवण तीव्र अम्लीय द्रवात तयार व्हावे हे अनुभवाविरुद्ध होते. सामान्य कारागिराने एवढी विसंगती सोडून दिली असती. राय यांनी विश्लेषण केले आणि पदार्थ मर्क्युरस नायट्राइट असल्याचे ठरले. मर्क्युरस आणि नायट्राइट हे दोन्ही घटक अस्थिर मानले जात. त्यांच्या संयोगातून टिकाऊ स्फटिक मिळावा हे अनपेक्षित होते. १८९६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध आला, ‘नेचर’ने त्याची दखल घेतली, आणि पुढची अनेक वर्षे नायट्राइटे हाच राय यांचा प्रांत झाला. अमोनियम नायट्राइट हा तापवताच नायट्रोजन व पाणी यांत फुटणारा पदार्थ. त्याचे निर्वातात संप्लवन करून त्याची बाष्पघनता त्यांनी मोजली आणि १९१२ मध्ये लंडनला हे काम मांडले. मर्क्युरस नायट्राइटाची स्फटिकरचना राय यांच्या निधनानंतर क्ष-किरणांनी निश्चित झाली.

याच वर्षांत फ्रेंच भाषा कामी आली. मार्सेलँ बेर्तलो हे पॅरिसचे थोर रसायनज्ञ ग्रीक, सीरियन व अरबी किमयेच्या संहितांचे संपादन करीत होते. त्यांत हिंदुस्थानचे स्थान काय, हा प्रश्न घेऊन राय यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. बेर्तलो यांनी भारतीय साधनांविषयी उत्सुकता दाखविली, तेव्हा राय यांनी ‘रसेंद्रसारसंग्रह’ या ग्रंथाच्या आधारे एक टिपण तयार करून पाठविले. त्यावर बेर्तलो यांनी १८९८ मध्ये विस्तृत परीक्षण लिहिले व आपले ग्रंथ भेटीदाखल पाठविले. असा मान मिळाल्यावर कोणीही त्याच टिपणाचा विस्तार करून ग्रंथ सिद्ध केला असता. राय पुढे वाचीत गेले आणि ‘रसेंद्रसारसंग्रह’ हा उत्तरकालीन संकलनग्रंथ असून इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल थोडे आहे, या निष्कर्षाला आले. ज्या ग्रंथाने पॅरिसची दारे उघडली त्यालाच त्यांनी दुय्यम ठरविले. पिवळा स्फटिक क्षारकीय लवण नाही, असे ठरविणारी हीच ती दृष्टी.

मग पोथ्यांचा शोध सुरू झाला. काशी, काश्मीर, तंजावर, नेपाळ अशा दूरदूरच्या ठिकाणांहून हस्तलिखिते किंवा त्यांच्या नकला मिळवून, पंडित नवकांत कविभूषण यांच्या साहाय्याने पाठ जुळविले गेले. ‘रसरत्नसमुच्चय’ पुण्याच्या आनंदाश्रमाने आधीच छापला होता. ‘रसार्णव’ मात्र हस्तलिखितांवरून सिद्ध करावा लागला. पुढे हरिश्चंद्र कविरत्न यांच्यासह राय यांनी त्याचे संपादन करून तो ‘बिब्लिओथेका इंडिका’ मालेत प्रसिद्ध केला. मराठी वाचकाला येथे इतिहासाचार्य राजवाडे आठवणे स्वाभाविक आहे. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चाच. दोघांनाही मूळ कागदाखेरीज दुसरा पुरावा पसंत नव्हता. फरक एवढा, की राय यांच्या हाती पोथीतील विधान प्रयोगशाळेत नेऊन पाहण्याची आणखी एक कसोटी होती.

‘अ हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री’चा पहिला खंड १९०२ मध्ये निघाला, दुसरा त्यानंतर काही वर्षांनी, ब्रजेंद्रनाथ सील यांच्या प्रकरणासह. या ग्रंथातील पाठचिकित्सेची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. सुश्रुतसंहितेत सौम्य क्षारापासून चुन्याच्या साहाय्याने तीक्ष्ण क्षार करण्याची व तो लोखंडी भांड्यात जपण्याची रीत सांगितली आहे. ती इतकी नेमकी आहे, की युरोपियनांच्या संपर्कानंतर ती संहितेत घुसडली गेली असावी, असा संशय बेर्तलो यांना आला. राय यांनी अभिमानाचा सूर लावला नाही. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्तासारख्या जुन्या ग्रंथकारांच्या लेखनात तीच रीत आढळते, एवढे दाखवून त्यांनी संशयाचा पाया काढून घेतला. ज्यांच्या कृपेने ग्रंथ सुरू झाला त्यांच्याशीच हा वाद होता, हे विसरता कामा नये. दुसरे उदाहरण ‘रसार्णवा’तील. तांब्याची ज्वाला निळी, कथिलाची पारव्याच्या रंगाची, शिशाची मळकट, लोखंडाची पिंगट अशी नोंद त्यात आहे. मंत्र, देवतास्तुती आणि अमरत्वाच्या आशा यांच्या दाटीत दडलेले हे निरीक्षण पाहण्यास रसायनज्ञाचाच डोळा हवा होता. केवळ संस्कृतज्ञाने त्याला काव्य समजून पुढचे पान उलटले असते.

‘रसरत्नसमुच्चया’तील जस्ताची कृतीही त्यांनी अशीच उजेडात आणली. वांग्याच्या आकाराची मूस, तिला जोडलेली नळी आणि खाली पाण्याचे भांडे, असे ते वर्णन आहे. म्हणजे जस्ताच्या वाफेचे अधोमुख ऊर्ध्वपातन. हे केवळ ग्रंथातले यंत्र की कोणी चालविलेली भट्टी, याचा निवाडा कागदावर होणारा नव्हता. १९८० नंतरच्या दशकात राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे उत्खनन झाले आणि वांग्याच्या आकाराच्या मुशी रांगेने भट्टीत बसविलेल्या सापडल्या.

असा ग्रंथ अभिमानाची पोथी व्हायला वेळ लागत नाही. स्वदेशीच्या काळात तर वाचकाची अपेक्षाच तशी होती. राय यांनी मात्र पहिल्याच खंडात शास्त्रीय वृत्तीच्या ऱ्हासावर एक प्रकरण लिहिले. जातिव्यवस्था कडक झाली, हाताने काम करणारे आणि बुद्धीने विचार करणारे वेगळे पडले, शवाच्या स्पर्शाला अपवित्र ठरविल्यामुळे शल्यविद्या न्हाव्यांच्या हाती गेली, कारागिराच्या कसबामागील का आणि कसे हे प्रश्न विचारणारा कोणी उरला नाही, आणि जगाला माया ठरविणाऱ्या वेदान्ताने उरलेली जिज्ञासा मंदावली, अशी ती कारणमीमांसा आहे. आज ती सर्वस्वी मान्य होणे कठीण आहे. वेदान्तावर टाकलेला भार प्रमाणाबाहेर आहे, आणि ऱ्हासाची आर्थिक व राजकीय कारणे तेथे फारशी येत नाहीत. एडिंबर्गच्या निबंधात ज्याने ती मांडली त्याच्याकडून ही उणीव विशेष जाणवते. परंतु एका वसाहतीतील विद्वानाने आपल्या पूर्वजांचे यश सिद्ध करणाऱ्या ग्रंथातच त्यांच्या अपयशाची चौकशी करावी, ही गोष्ट त्या काळी विरळा होती. महाराष्ट्रात फुले आणि आगरकर यांनी चालविलेली जातीची चिकित्सा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे प्रकरण परके वाटणार नाही.

महाराष्ट्राशी प्रत्यक्ष दुवा गोपाळ कृष्ण गोखले यांचा. वरिष्ठ कायदेमंडळाच्या बैठकींसाठी गोखले कलकत्त्यास राहत तेव्हा राय यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. १९०१ च्या अखेरीस गांधी गोखल्यांकडे उतरले असता त्यांची राय यांच्याशी ओळख झाली. आठशे रुपये वेतनातील चाळीस स्वतःसाठी ठेवून बाकी सार्वजनिक कार्यास देणारा प्राध्यापक, अशी ती ओळख गोखल्यांनी करून दिल्याचे गांधींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. १९०२ च्या जानेवारीत अल्बर्ट हॉलमध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या स्थितीवर गांधींची सभा झाली, तिच्या आयोजनात राय होते. पुढे प्रारंभीची शंका सोडून त्यांनी चरखाही हाती घेतला.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन ते आशुतोष मुखर्जींनी उभारलेल्या विद्यापीठीय विज्ञान महाविद्यालयात पालित प्राध्यापक झाले व तेथीलच एका खोलीत राहू लागले. ते अविवाहित होते. विद्यार्थी हाच त्यांचा परिवार. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी हे त्यांच्या हाताखाली तयार झाले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बसू हेही त्यांच्या वर्गात बसलेले. १९२१ मध्ये साठ वर्षे पुरी झाल्यावर पुढचे सर्व वेतन त्यांनी रसायनविभागासाठी विद्यापीठाला देऊन टाकले. त्याच वर्षी खुलन्याचा दुष्काळ आणि १९२२ मध्ये उत्तर बंगालचा महापूर यांच्या मदतकार्याची धुरा त्यांनी वाहिली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष.

‘लाइफ अँड एक्सपीरियन्सेस ऑफ अ बेंगॉली केमिस्ट’ हे आत्मवृत्त १९३२ व १९३५ मध्ये दोन खंडांत आले. ‘आत्मचरित’ हे त्याचे बंगाली रूप १९३७ मधले. पहिल्या खंडाचा पूर्वार्ध उत्तम आहे. राडुलीचे घर, वडिलांची ओसरती सांपत्तिक स्थिती, एडिंबर्गची थंडी, गच्चीवरची हाडे, हे सारे बेताच्या शब्दांत येते. पुढे मात्र लेखक स्वतःला विसरतो आणि बंगाल त्याची जागा घेतो. व्यापार परप्रांतीयांच्या हाती गेला, पदवीधर कारकुनीच्या मागे धावतात, खेडी ओस पडतात, यांवर आकड्यांनिशी प्रबंध सुरू होतात. दुसऱ्या खंडात तर आत्मवृत्ताचा धागा हाती लागणेही अवघड होते. धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’शी (१९१५) तुलना केल्यास हे स्पष्ट दिसते. तेही एका संस्थेला वाहून घेतलेल्या प्राध्यापकाचे लेखन आहे. परंतु संस्थेच्या हिशेबातही कर्वे स्वतःच्या मनातील चढउतार नोंदवितात. राय यांनी पारा आणि पोथी यांना लावलेली कसोटी स्वतःच्या अंतरंगाला लावली नाही. एकटेपणा, आजार, मित्रांचे मृत्यू यांवरून त्यांची लेखणी घाईने सरकते. बाह्य पुराव्यावर पोसलेल्या बुद्धीला जेथे बाह्य पुरावा नाही तेथे बोलण्याचा संकोच वाटला असावा, असाच याचा उलगडा होतो. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला हे प्रबंध मोलाचे आहेत, हे खरे. आत्मचरित्राच्या वाचकाला ती भरपाई पुरत नाही.

१९३६ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांनी प्राध्यापकपद सोडले. त्यानंतर ते बालपणीच्या आवडीकडे वळले आणि शेक्सपिअरवरील लेख ‘कलकत्ता रिव्ह्यू’मधून प्रसिद्ध केले. १६ जून १९४४ रोजी महाविद्यालयातील त्याच खोलीत त्यांचे निधन झाले. ‘हिंदू केमिस्ट्री’ची सुधारित आवृत्ती इंडियन केमिकल सोसायटीने १९५६ मध्ये काढली. तिचे संपादक प्रियदारंजन राय हे त्यांचेच शिष्य; धातूंच्या जटिल संयुगांवरील कामासाठी असेंद्रिय रसायनशास्त्रात त्यांचे नाव आजही घेतले जाते.